चीमा साहेबी : एका प्राध्यापकाचा वारसा

नाशिक जिल्ह्यातील अनेक कुटुंबांचा संसार द्राक्षबागांवर चालतो. महाराष्ट्रातील या पिकाच्या अभ्यासात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या डॉ. जी. एस. चीमा यांचे नाव मात्र आज आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयात उद्यानविद्येचे प्राध्यापक होते.

बीपासून वाढलेली द्राक्षवेल मूळ वेलीसारखीच निघेल, याची शाश्वती नसते. गणेशखिंडीतील फळ संशोधन केंद्रात ‘पंढरी साहेबी’ जातीच्या बियांपासून रोपे वाढविण्यात आली. फळे येईपर्यंत धीराने वाट पाहून त्यांतील उत्तम वेल निवडली गेली आणि छाट कलमांनी तिचे गुण जतन केले गेले. तीच ‘चीमा साहेबी’ होय.

पिकविलेले फळ ग्राहकापर्यंत टिकलेही पाहिजे, याचीही त्यांना चिंता होती. १९३२ व १९३३ मध्ये युरोपात पाठविलेल्या आंब्यांविषयी त्यांनी सहकाऱ्यासह अहवाल लिहिला. नागपुरी संत्र्यांच्या शीतसाठवणीचाही त्यांनी अभ्यास केला. भारतातील व्यापारी फळांवरील त्यांचा सहलिखित ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला.

पुढे बिनबियांच्या ‘थॉमसन सीडलेस’ने बागा व्यापल्या व बिया असलेली चीमा साहेबी मागे पडली. परंतु पारखून निवडण्याची आणि फळ जपून पोहोचविण्याची त्यांची शिस्त आजही प्रत्येक निर्यातक्षम घडामागे उभी आहे. बागेत काम करणाऱ्या आपल्या तरुणांनी हा वारसा कृतज्ञतेने जपावा, असे आम्हांस वाटते.