टॅपेट गप्प झाले तर सावध व्हा

डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट या आठवड्यात उघडायचे ठरलं होतं. ते काम पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण मागच्या लेखातल्या नऊच्या नियमानंतर (पूर्ण उघडलेल्या वॉल्व्हचा क्रमांक नऊमधून वजा करा, येईल त्या क्रमांकाचा वॉल्व्ह मोजा) एका वाचकाने विचारलेला प्रश्न दोन ओळींत उरकण्यासारखा नाही. त्यांनी मॉरिस मायनर १०००चे आठही वॉल्व्ह थंड इंजिनावर १२ थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावले. फीलर गेज प्रत्येक ठिकाणी हलक्या ओढीने सरकत होतं. तरीही इंजिन सुरू करताच टॅपेट वाजतात. गॅरेजमधला सल्ला असा, की आठही स्क्रू आणखी थोडे आवळा, म्हणजे इंजिन गप्प होईल. ‘आवळू का?’ असं ते विचारतात. माझं उत्तर आहे, आवळू नका. जुन्या इंजिनात टॅपेटचा थोडा आवाज हा दोष नाही. उलट काहीही न करता तो आवाज आपोआप कमी होऊ लागला, तर तिथे खरी काळजी सुरू होते. हे म्हणणं उलटं वाटेल, म्हणून आजचा सगळा लेख त्याच्या कारणांसाठी.

वॉल्व्हची दांडी आणि रॉकर यांच्यात आपण जो गॅप ठेवतो, तो उष्णतेसाठी ठेवलेला असतो. पोलादाची १०० मिमी लांबीची दांडी १०० अंश सेल्सिअसने तापली, की सुमारे ०.१२ मिमी वाढते. मायनरचा १२ थाऊचा गॅप म्हणजे अवघा ०.३० मिमी. ब्लॉक आणि हेडही तापून वाढतात, त्यामुळे ही सगळी वाढ गॅपमधून वजा होत नाही. पण ब्लॉक आणि हेड पाण्याने थंड राहतात आणि एक्झॉस्ट वॉल्व्हचं डोकं मात्र जळत्या वायूत ७०० अंशांच्या आसपास पोचतं. या दोन वाढींतला फरक गॅप गिळतो. कारखान्याने दिलेला आकडा हा फरक भागवून वर थोडी जागा शिल्लक राहील, अशा हिशेबाने काढलेला असतो. त्याच घराण्यातल्या एमजीबीला १२ऐवजी १५ थाऊ लागतात. कॅमचा आकार बदलला, वॉल्व्हचा धातू बदलला, की आकडाही बदलतो. म्हणून शेजारच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावायचा नसतो.

आता गॅप चुकला तर काय होतं ते पाहू. इथे दोन बाजूंचं नुकसान सारखं नाही, आणि माझा सगळा युक्तिवाद या असमानतेवर उभा आहे. एक्झॉस्ट वॉल्व्ह थंड होतो तो मुख्यतः सीटला टेकलेला असताना. त्याच्या डोक्यातली ढोबळमानाने तीन चतुर्थांश उष्णता सीटमधून हेडमध्ये आणि तिथून पाण्यात जाते. उरलेली दांडीतून गाईडकडे जाते. ३००० आरपीएमवर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. म्हणजे उघडझापीचं एक चक्र ४० मिलिसेकंदांचं, आणि त्यातला सुमारे दोन तृतीयांश वेळ तो सीटला टेकून उष्णता सोडत असतो. गॅप कमी केला, की वॉल्व्ह लवकर उघडतो आणि उशिरा मिटतो, म्हणजे टेकण्याचा वेळ घटतो. गॅप शून्यावर आला, की तो पुरता टेकतच नाही. मग त्या केसभर फटीतून जळता वायू दाबाने सुटतो आणि वॉल्व्हची कड एका जागी कापत जातो. कॉम्प्रेशन पडतं, तो सिलिंडर काम सोडतो आणि हेड उतरवावं लागतं. हे सगळं घडत असताना टॅपेट एकदाही वाजत नाहीत. गॅप जास्त राहिला तर वॉल्व्ह थोडा कमी उघडतो, किंचित ताकद जाते, भाग हळूहळू झिजतात. पण आवाज होतो आणि मालकाला वेळेवर खबर मिळते. ढिल्या वॉल्व्हची तक्रार कानावर येते, घट्ट वॉल्व्हची येत नाही. फोक्सवॅगन बीटलचं उदाहरण याच बाजूचं आहे. तिच्या जुन्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या आवरणात बसवलेला असल्याने तिसऱ्या सिलिंडरला हवा कमी मिळे आणि त्याचाच एक्झॉस्ट वॉल्व्ह आधी जळे. १९७१च्या मॉडेलपासून कूलरची जागा बदलण्यात आली. वॉल्व्हचा गॅपही ०.१० मिमीवरून ०.१५ मिमी करण्यात आला. आवाज थोडा वाढेल हे कारखान्याला ठाऊक होतं, तरी त्यांनी वॉल्व्हला टेकायला वेळ देणं पसंत केलं.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. आवाज म्हणजे आघात आणि आघात म्हणजे झीज, मग तो कमी का करू नये? कॅमच्या उंचवट्याच्या दोन्ही पायथ्यांना अगदी सौम्य चढ-उतार ठेवलेला असतो. सांगितलेल्या गॅपला हा चढ रॉकरला अलगद उचलतो आणि उतार वॉल्व्हला अलगद सीटवर ठेवतो. गॅप फार वाढला, की सौम्य भाग हवेतच संपतो आणि वॉल्व्ह सीटवर आदळतो. म्हणून मी ‘ढिले ठेवा’ असं म्हणत नाही. १२ सांगितले तर १२ ठेवा, १८ नकोत. पण १२ थाऊला जो बारीक, एकसारखा टिकटिकाट येतो, तो हिशेबात धरलेला आवाज आहे. तो मिटवण्यासाठी १२चे ८ करणं म्हणजे आघात थोडा वाचवून वॉल्व्ह जाळणं.

दुसरा आक्षेप अनुभवी उस्तादांचा. वर्षानुवर्षं कानाने टॅपेट लावणारे कारागीर आहेत आणि त्यांच्या गाड्या चालतात. त्यांच्या कानाबद्दल मला आदर आहे. आठांतला कोणता टॅपेट वेगळा वाजतो हे तो कान अचूक पकडतो, आणि ते फीलर गेजला जमत नाही. पण कान एकाच बाजूचं मोजतो. १८ आणि १२ यांतला फरक त्याला कळतो. ४ थाऊ आणि शून्य यांतला कळत नाही, कारण दोन्ही ठिकाणी शांतताच असते. मग गेज बरोबर असूनही आमच्या वाचकांच्या गाडीचा आवाज इतका का? मोजमापातला एक सापळा त्याचं कारण असू शकतो. रॉकरचं टोक वॉल्व्हच्या दांडीवर घासून घासून त्या टोकात दांडीएवढा खळगा पडतो. गेजची सपाट पट्टी त्या खळग्याच्या कडांवर टेकते आणि मधली पोकळी तिला दिसतच नाही. पट्टी १२ दाखवते तेव्हा खरा गॅप १६-१७ असू शकतो. डायल गेजने मोजलं तर तो सापडतो. उपाय म्हणजे रॉकरचं टोक घासून सपाट करणं किंवा रॉकर बदलणं. दुसरी जागा रॉकर शाफ्टची. एका बाजूने पुशरॉड आणि दुसऱ्या बाजूने वॉल्व्हची स्प्रिंग, दोघंही रॉकरला वर ढकलतात, म्हणून शाफ्ट खालच्या अंगाने झिजतो. वरून पाहणाऱ्याला तो गुळगुळीत दिसतो. या दोन्ही झिजा स्क्रू आवळून बऱ्या होत नाहीत, फक्त ऐकू येईनाशा होतात.

आता उलट दिशेची झीज, जिच्यामुळे मी शांततेला भितो. मायनर असो की मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातली १४८९ सीसीची जुनी पेट्रोल अ‍ॅम्बॅसॅडर, दोघींत वॉल्व्हच्या सीट बिडाच्या हेडमध्येच थेट कापलेल्या आहेत. वेगळी कठीण रिंग बसवलेली नाही. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलच्या काळातली. शिसं घातलं जाई ते नॉकिंग थांबवण्यासाठी. पण जळल्यावर त्याच्या क्षारांचा पातळ थर सीटवर बसे आणि वॉल्व्ह व सीट यांची धातूला धातू अशी गाठ पडू देत नसे. भारतात १९९५मध्ये चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच राहिलं. हवेसाठी आणि मुलांच्या आरोग्यासाठी हा निर्णय योग्यच होता. मात्र जुन्या हेडचं संरक्षण गेलं. भरधाव वेगात तापलेला वॉल्व्ह आता बिडाच्या सीटला सूक्ष्म ठिपक्यांनी चिकटतो, उघडताना बिडाचे कण उपटतो आणि तेच कण सीट घासत राहतात. वॉल्व्ह हेडमध्ये रुतत जातो, त्याची दांडी वर सरकते आणि गॅप आपोआप मिटत जातो. मालकाला मात्र गाडी दिवसेंदिवस शांत होत असल्याचं समाधान मिळतं. शहरात सावकाश फिरणाऱ्या गाडीत हे फार हळू घडतं. घाट चढणाऱ्या, महामार्गावर तास तास पळणाऱ्या गाडीत लवकर. कायमचा इलाज म्हणजे हेड उतरवून एक्झॉस्टला कठीण सीट बसवणं.

तिसरा आक्षेप, की आजच्या अनेक गाड्यांत गॅप नसतोच आणि त्या बिघडत नाहीत. खरं आहे. त्यांत हायड्रॉलिक टॅपेट असतात. तेलाच्या दाबाने ते आपली लांबी सतत जुळवून घेतात, आणि कॅमचा आकारही शून्य गॅप गृहीत धरून काढलेला असतो. ही युक्ती नवी नाही. कॅडिलॅकच्या व्ही-१६ इंजिनात ती १९३०मध्येच होती. पण ती यंत्रणाच शून्य गॅपची आहे. आपल्या इंजिनात लांबी जुळवणारं काही नाही, म्हणून उष्णतेसाठीची जागा आपणच राखायची.

म्हणून माझा आग्रह एवढाच, की टॅपेट कव्हर उघडल्यावर आधी स्क्रूला हात लावू नका. इंजिन रात्रभर थंड झालेलं असू द्या, नऊच्या नियमाने एकेक वॉल्व्ह घ्या आणि आहे तो गॅप मोजून वहीत लिहा. नंतर सेटिंग करा, आणि लॉकनट आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना स्क्रू थोडा फिरतो. पुढच्या वेळी जुना आकडा नव्याशी ताडून पाहा. गॅप वाढला असेल तर झीज रॉकर, पुशरॉड किंवा कॅमच्या बाजूची. घटला असेल तर वॉल्व्ह सीटमध्ये रुततोय. मायनर आणि जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये पुढून मोजता १, ४, ५ आणि ८ हे एक्झॉस्ट. एवढ्या चारांचेच आकडे दर वेळी घटत असतील, तर हेडच्या कामासाठी पैसे बाजूला काढायला लागा. कानाने आवळून गप्प केलेल्या इंजिनात हा पुरावा पहिल्याच फेरीत पुसला जातो. प्रश्न विचारणाऱ्या वाचकांनी रॉकरची टोकं तपासून आठही आकडे कळवावेत. पुढच्या आठवड्यात पॉइंट नक्की, आणि तिथेही फीलर गेज लागणारच आहे.