ब्राह्मीची परीक्षा

वार्षिक परीक्षा जवळ आली की ‘मुलाला ब्राह्मी द्यावी का?’ असे पालक शिक्षकांना हमखास विचारतात. घरात विसराळू झालेले आजोबा असले, तर हाच प्रश्न अधिक कळकळीने येतो. ‘हजारो वर्षांचा अनुभव आहे’ आणि ‘सारे थोतांड आहे’ ही दोन्ही उत्तरे सोपी आहेत. पण अनुभव फार तर कोठे शोधावे एवढे सांगतो. उत्तर तपासूनच मिळते. ही तपासणी कशी करतात ते पाहू.

पहिला प्रश्न, ब्राह्मी म्हणजे नेमकी कोणती वनस्पती? बॅकोपा मोनिएरी ही ओलसर जागी पसरणारी, लहान व जाडसर पानांची वनस्पती. पण काही भागांत सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी, हिलाही ब्राह्मी म्हणतात. तिची पाने गोलसर असतात आणि ती कोथिंबिरीच्या कुळातली. दोघींची रसायने वेगळी. त्यामुळे आधी ओळख पक्की करावी लागते. शिवाय जमीन आणि हंगाम यांनुसार घटकांचे प्रमाण बदलते. म्हणून बॅकोपाच्या अर्कात बॅकोसाइड या संयुगांचे प्रमाण ठरावीक ठेवतात.

पुढची पायरी प्रयोगशाळेतली. बशीत वाढवलेल्या चेतापेशींवर हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे घातक द्रव्य सोडतात. अर्क घातलेल्या बशीत अधिक पेशी जगल्या, तर आशा वाटते. पण बशीत अर्क थेट पेशींना भिडतो. पोटात घेतलेल्या औषधाला मात्र आतडे, यकृत आणि शेवटी रक्त व मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडावा लागतो. बशीतला विजय म्हणजे मेंदूतला विजय नव्हे.

त्यानंतर उंदीर. गढूळ पाण्याच्या हौदात बुडालेला छोटा चौथरा उंदराने किती लवकर शोधला, यावरून त्याची स्मृती मोजतात.

खरी कसोटी माणसांवरची. ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत 40 ते 65 वयाच्या 76 व्यक्तींपैकी काहींना ब्राह्मीचा अर्क आणि इतरांना तशीच दिसणारी निरौषधी गोळी दिली. कोणाला काय मिळाले, हे घेणाऱ्यांना ठाऊक नव्हते आणि मोजणाऱ्यांनाही. 2002 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी अर्क घेणाऱ्यांच्या लक्षात नवी माहिती अधिक टिकली. शिकण्याचा वेग मात्र वाढला नव्हता. निष्कर्ष आशादायक आहे, पण चाचणी लहान होती आणि माणसे निरोगी. अल्झायमर टळतो किंवा मेंदूच्या पेशी वाचतात, हे यातून सिद्ध होत नाही.

मोठ्या चाचणीत काय होऊ शकते, ते गिंको या झाडाने दाखवले. त्याच्या पानांचा अर्क स्मरणशक्तीसाठी जगभर खपतो. अमेरिकेत 75 वर्षे व त्यापुढील 3,069 जणांची सुमारे सहा वर्षे पाहणी झाली. 2008 साली निकाल आला. निरौषधी गोळी घेणाऱ्या 1,524 पैकी 246 जणांना, तर गिंको घेणाऱ्या 1,545 पैकी 277 जणांना स्मृतिभ्रंश झाला. म्हणजे संरक्षण दिसलेच नाही.

याउलट स्नोड्रॉप या फुलझाडात सापडलेले गॅलँटामीन कसोटीला उतरले. अमेरिकेत 2001 साली त्याला अल्झायमरवरील औषध म्हणून मान्यता मिळाली. ते मेंदूतील असेटिलकोलीनचे विघटन मंदावते. लक्षणे काहीशी सौम्य होतात. रोग मात्र थांबत नाही.

निरौषधी गोळी कशाला हवी, हे वर्गातही कळेल. पंधरा शब्द वाचून दाखवा आणि पाच मिनिटांनी आठवतील तेवढे लिहायला सांगा. दुसऱ्या दिवशी नवे पंधरा शब्द घ्या. अनेकांचे गुण वाढलेले दिसतील, कारण युक्ती साधलेली असते. मधल्या रात्री सर्वांनी एखादे सरबत घेतले असते, तर श्रेय कोणाला गेले असते? हे मुलांनाच विचारा.

आणि पालकांना काय सांगावे? ब्राह्मीने काही जणांचे पोट बिघडते, म्हणून डॉक्टरांना विचारल्यावाचून ती देऊ नये. आजोबांचा विसराळूपणा वाढत असेल, तर बाटली आणण्याआधी त्यांना तपासून घ्यावे. थायरॉइडचा विकार किंवा बी-12 जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेही विस्मरण होते आणि त्यावर उपचार आहेत.