पाच वर्षांची वॉरंटी कोणाच्या जिवावर?

दिंडोरी तालुक्यात संगणक बंद पडायची सगळ्यात वाईट वेळ म्हणजे जानेवारी ते एप्रिल. द्राक्षं उतरत असतात, पॅकहाउसमध्ये क्रेटची मोजदाद चालू असते, निर्यातीचे कागद काढायचे असतात. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा माग थेट बागेपर्यंत लावता यावा म्हणून कृषी निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या केंद्रीय संस्थेने २००६ मध्ये ग्रेपनेट ही व्यवस्था आणली आणि बागेचा हिशेब वहीतून पडद्यावर सरकू लागला. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या मोठ्या संस्थेला संगणक सांभाळायला वेगळी माणसं ठेवणं परवडतं. चार-सहा एकरांचा बागायतदार, सेवा केंद्र चालवणारा तरुण, कृषी सेवा केंद्राचा मालक यांना मात्र गावातल्या कॉम्प्युटरवाल्याचाच आधार. नाशिक पंचवीसेक किलोमीटरवर आहे. पण तोडणीच्या दिवसांत खोकं घेऊन तिकडे जाणार कोण?

हा कॉम्प्युटरवाला असेम्बल केलेल्या मशीनवर तीन, कधी पाच वर्षांची वॉरंटी सांगतो. ब्रँडेड डेस्कटॉप किंवा लॅपटॉपवर कंपनी बहुधा एकच वर्ष देते. ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस आपल्या मालाबद्दल कंपनीपेक्षा पाचपट ठाम आहे. या वचनाची किंमत रुपयांत किती, हे मात्र सहसा कोणी मोजत नाही.

मोजायचं तर आधी खोकं उघडावं लागतं. डबाबंद प्रोसेसरवर इंटेलची स्वतःची तीन वर्षं असतात. मदरबोर्डवर बहुतेक कंपन्यांची तीन. रॅमवर तर अनेक नामांकित कंपन्या आजीवन हमी छापतात. एसएसडीवर तीन किंवा पाच वर्षं, पण त्याला लिखाणाची मर्यादा जोडलेली: सॅमसंगच्या ८७० इव्हो मालिकेतल्या एक टीबीच्या डिस्कवर पाच वर्षं किंवा ६०० टीबी लिखाण, यांपैकी जे आधी संपेल ते. एसएमपीएसचं, म्हणजे आतल्या पॉवर सप्लायचं, मात्र ब्रँडवर अवलंबून, दोन वर्षांपासून दहापर्यंत काहीही. म्हणजे दुकानदाराच्या पाच वर्षांपैकी पहिली तीन बहुतांशी कंपन्यांच्याच खिशातली. तो त्यात घालतो ती धावपळ: भाग काढणं, वितरकाकडे पाठवणं, परत आला की बसवणं. ही धावपळ खोटी नाही, तिला किंमत आहे. पण ती पाच वर्षांच्या सुट्या भागांची हमी नव्हे.

इथेच एक बारीक पाचर असते. बाजारात प्रोसेसर ‘बॉक्स’ म्हणजे डबाबंद आणि ‘ट्रे’ म्हणजे सुटे, असे दोन्ही मिळतात. ट्रेमधल्या इंटेल प्रोसेसरची हमी इंटेल थेट ग्राहकाला देत नाही. ती विकणाऱ्याकडेच मागायची असते. ट्रेचा माल स्वस्त पडतो, दुकानदार तोच बसवतो आणि पाच वर्षं सांगतो, तेव्हा त्या वचनामागे दुकानाशिवाय कोणीच उभं नसतं. ‘बॉक्स की ट्रे?’ एवढं विचारलं तरी बरंच कळतं.

लांब वॉरंटी म्हणजे टिकाऊ माल, ही समजूतही तपासून घ्यावी. २०११ साली थायलंडमध्ये महापूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि जगभर तुटवडा झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस सीगेटने आपल्या काही साध्या डिस्कची वॉरंटी एका वर्षावर आणली. वेस्टर्न डिजिटलने तिनाची दोन वर्षं केली. डिस्क एका रात्रीत कच्च्या झाल्या नव्हत्या. उलट २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर अस्थिर होऊ लागले, तेव्हा कंपनीने त्यांची हमी दोन वर्षांनी वाढवून पाच केली. एकीकडे माल तोच असताना मुदत घटली, दुसरीकडे माल बिघडला म्हणून वाढली. मुदतीचा आकडा हा आधी धंद्याचा निर्णय असतो.

बिघाड नेमका कधी येतो, यावर हाताशी असलेला चांगला पुरावा बॅकब्लेझ या अमेरिकी साठवणूक कंपनीचा आहे. अहोरात्र चालणाऱ्या सुमारे २५ हजार हार्ड डिस्कवरून तिने २०१३ मध्ये हिशेब मांडला. पहिल्या दीड वर्षात वर्षाला ५.१ टक्के डिस्क गेल्या, पुढच्या दीड वर्षात फक्त १.४ टक्के आणि तीन वर्षांनंतर ११.८ टक्के. तिथल्या थंड गोदामाचे आकडे दिंडोरीला जसेच्या तसे लागू होत नाहीत, घरातल्या एसएसडीला तर नाहीच; पण चढ-उताराचा आकार ध्यानात घेण्याजोगा आहे. कच्चा माल सुरुवातीलाच उघडा पडतो आणि तेव्हा कंपनीची हमी असतेच. खरी गरज लागते ती चौथ्या-पाचव्या वर्षी, म्हणजे कंपनीचा हात सुटल्यावर.

आता एक अंदाजी हिशेब. आकडे माझे आहेत, वाचकाने आपले घालावेत. चौथ्या आणि पाचव्या वर्षी मिळून काहीतरी मोठं जाण्याची शक्यता २० टक्के धरू, दुरुस्तीचा खर्च ४,००० रुपये. म्हणजे जोखीम ८०० रुपयांची. त्या वेळी दुकान चालू असेल आणि दुकानदार कुरकुर न करता भाग बदलून देईल, याची शक्यता ६० टक्के धरली तर हातात राहतात ४८० रुपये. याच वॉरंटीपोटी मशीन दोन-अडीच हजारांनी महाग पडत असेल, तर सौदा कोणाच्या फायद्याचा ते उघड आहे. शिवाय विजेचा झटका, पाणी, उंदीर, मुंग्या हे सगळं बहुतेक वॉरंटी कार्डांच्या बाहेर असतं. आणि शेतावरच्या खोलीत मशीन जातं ते बहुधा याच कारणांनी. सर्व्हिस सेंटरवाला ‘बर्निंग’ किंवा ‘फिजिकल डॅमेज’ म्हणाला की विषय संपला. वर्षभराच्या नोंदी तर कोणतीच वॉरंटी परत देत नाही.

त्या ६० टक्क्यांचं काय, ते थोडं तपासता येतं. दुकानाला जीएसटी क्रमांक असेल तर तो पंधरा अंकाक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की मालकाचं कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द आणि दुकान एकट्याचं की भागीदारीचं, हे फुकट दिसतं. दीड वर्षापूर्वी नोंदवलेलं दुकान पाच वर्षांचं वचन देतंय, एवढं दिसलं तरी भाव करायला बळ येतं. दुकान एकट्याच्या मालकीचं असेल तर शटर खाली ओढल्याने मालक कायद्याने सुटत नाही. वचन त्याचं व्यक्तिशः असतं. मोठ्या कंपन्या वॉरंटीच्या संभाव्य खर्चासाठी ताळेबंदात तरतूद करतात. छोट्या दुकानात अशी रक्कम बाजूला काढलेली मला तरी कुठे दिसली नाही. पाचव्या वर्षीचा खर्च पाचव्या वर्षीच्या गल्ल्यातून.

कायदा या प्रश्नाकडे आपल्याला वाटतं त्याहून जास्त बारकाईने पाहतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येतच अशी वॉरंटी आली आहे, जी पाळली जाण्याची वाजवी शक्यता नाही. बिल न देणं हेसुद्धा त्याच व्याख्येत येतं. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे दिंडोरीकराने नाशिकच्या जिल्हा आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. एक मेख लक्षात ठेवावी: व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेलं मशीन यातून सुटतं, त्यामुळे सेवा केंद्राच्या तरुणाला दार उघडं आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, त्याला आता अर्धशतक झालं. पण आजही ‘पक्कं बिल घेतलं तर अठरा टक्के वाढतील’ म्हटलं की आपण कच्च्या चिठ्ठीवर घरी येतो. त्या चिठ्ठीवर पाच वर्षं लिहिली काय आणि पन्नास लिहिली काय.

एवढं सगळं लिहूनही मी गावातल्या दुकानातूनच घ्या असं सांगेन. रविवारी संध्याकाळी पॅकहाउसवर येणारा, ‘माल रिप्लेसमेंटला पाठवलाय’ म्हणताना सोबत स्टँडबाय मशीन ठेवून जाणारा माणूस कुठल्याही कार्डावर छापलेला नसतो, आणि फेब्रुवारीत त्याची किंमत त्या ४८० रुपयांच्या कितीतरी पट असते. म्हणून घासाघीस वर्षांवर नको, यावर करा: प्रत्येक भागाचा सीरियल नंबर आणि त्यावरची कंपनीची मुदत बिलावर लिहून द्या, हंगामात किती तासांत याल आणि पर्यायी मशीन द्याल का, तेही लिहा, तिसऱ्या वर्षानंतरची तुमची वॉरंटी काढून घ्या आणि तेवढे पैसे कमी करा. हे लिहून देणारा दुकानदार दोन वर्षांची वॉरंटी देत असला तरी त्याच्याकडूनच घ्यावं. अडलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.