एका तिरक्या रेघेने बदलतो कर्ता आणि काळ
स्पॅनिश क्रियापदाचे लेखन व अर्थ. मराठी विद्यार्थ्यांची नेमकी अडचण

कोथरूड - समजा, कोथरूडमधील एखाद्या तरुणाने नोकरीच्या अर्जात ‘मी स्पॅनिश बोलतो’ असे स्पॅनिशमध्ये लिहिले. वाक्यात दोनच शब्द, ‘आब्लो एस्पान्योल’. मात्र पहिल्या शब्दातील शेवटच्या ‘ओ’वर चुकून एक तिरकी रेघ पडली, तर वाचणाऱ्याला अर्थ लागतो, ‘तो स्पॅनिश बोलला’. कर्ताही बदलला आणि काळही. ज्या भाषेच्या बळावर नोकरी मागायची, तिचीच चूक पहिल्या ओळीत दिसते.

परकीय भाषा शिकणाऱ्यांची पुण्यात वानवा नाही. फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. फ्रेंच, जर्मनच्या जोडीने स्पॅनिशकडेही विद्यार्थी वळतात. सुमारे वीस देशांचा राज्यव्यवहार या भाषेत चालतो, हे त्यामागचे एक कारण. मात्र आरंभीच्या धड्यांतच ‘आब्लार’, म्हणजे ‘बोलणे’, हे क्रियापद त्यांची परीक्षा पाहते.

लिहायचे ‘एच’, उच्चारायचे नाही

हा शब्द लिहिताना आरंभी ‘एच’ येतो. उच्चारात तो नाही. त्यामुळे ‘हाब्लो’ म्हणणे चूक, ‘आब्लो’ म्हणणे बरोबर. या मूक अक्षरामागे इतिहास आहे. ‘गप्पा मारणे, गोष्ट सांगणे’ या अर्थाच्या ‘फाबुलारी’ या लॅटिन क्रियापदापासून हा शब्द आला. आरंभीच्या ‘फ’चा स्पॅनिशमध्ये ‘ह’ झाला आणि पुढे तोही उच्चारातून लोपला. लेखनात तेवढा राहिला. स्पॅनिशची भगिनी असलेल्या पोर्तुगीजमध्ये मात्र ‘फ’ टिकला. १९६१ पर्यंत पोर्तुगीज सत्तेखाली असलेल्या गोव्यातील जुन्या पिढीला ‘फालार’ म्हणजे ‘बोलणे’, हे परिचित होते. पोर्तुगीजमध्ये ‘मी बोलतो’च्या शेवटी ‘ओ’, तर ‘तो बोलला’च्या शेवटी ‘ओयू’ लिहितात. तेथे एक अक्षर जे काम करते, ते स्पॅनिशमध्ये रेघ करते.

रेघ कोठे आणि का?

ही रेघ म्हणजे आघाताची खूण. नियम साधा आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, ‘एन’ किंवा ‘एस’ असेल, तर आघात शेवटून दुसऱ्या अवयवावर; अन्य अक्षर असेल, तर शेवटच्या अवयवावर. या नियमाला अपवाद असेल, तेथे रेघ द्यायची. ‘मी बोलतो’ या अर्थी आघात ‘आ’वर असतो. तो नियमानुसार असल्याने रेघ नको. ‘तो बोलला’ या अर्थी आघात ‘ब्लो’वर येतो, म्हणून रेघ अनिवार्य.

मराठी माणसाची अडचण येथेच आहे. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. त्यामुळे हा फरक आपल्या कानाला चटकन जाणवत नाही. मात्र डोळ्यांना तो अनोळखी नसावा. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, हा भेद आपण ऱ्हस्व-दीर्घाने राखतोच.

मराठीशी साम्य, मराठीहून भेद

‘बोललो’ एवढेच म्हटले, तरी बोलणारा ‘मी’ किंवा ‘आम्ही’ आहे, हे मराठीत कळते. स्पॅनिशमध्येही क्रियापदाच्या प्रत्ययातच कर्ता दडलेला असतो. सर्वनाम बहुधा गाळले जाते. म्हणूनच रेघ चुकली, की वाक्यात आधाराला दुसरे काही उरत नाही.

लिंगाच्या बाबतीत मात्र मराठी अधिक स्पष्ट आहे. ‘बोलला’ आणि ‘बोलली’ या दोहोंसाठी स्पॅनिशमध्ये एकच रूप. इतकेच नव्हे, तर ‘आपण बोललात’ यासाठीही तेच! आदरार्थी ‘उस्तेद’ हे सर्वनाम ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या शब्दसमूहापासून बनले असल्याने त्याला तृतीय पुरुषाचे क्रियापद लागते. अनुवादकाला मागचा-पुढचा संदर्भ पाहूनच अर्थ ठरवावा लागतो.

करारातील जोखीम

अर्जातील चूक हसण्यावारी नेता येईल. व्यावसायिक पत्रव्यवहारात तसे होत नाही. ‘आसेप्तो’ म्हणजे ‘मी मान्य करतो’. शेवटच्या ‘ओ’वर रेघ दिली, की ‘त्याने मान्य केले’. ‘फिर्मो’ म्हणजे ‘मी सही करतो’. रेघ दिल्यास ‘त्याने सही केली’. संमती कोणाची आणि ती दिली गेली की दिली जात आहे, हे या रेघेवर ठरते. घाईत लिहिलेल्या संदेशांत स्पॅनिश भाषकही अनेकदा रेघा गाळतात. अशा वेळी अंदाज करण्यापेक्षा लिहिणाऱ्यालाच विचारून घेणे श्रेयस्कर.

रेघ उमटवणे अवघड नाही. मोबाइलवर ‘ओ’ हे अक्षर दाबून धरल्यास पर्याय दिसतात. संगणकावर स्पॅनिश कळफलक निवडता येतो.

हे लक्षात ठेवा
(चारही रूपे ‘एच’ने सुरू होतात)
- शेवटी ‘ओ’, रेघ नाही : मी बोलतो / बोलते
- शेवटी ‘ओ’, रेघ आहे : तो बोलला / ती बोलली / आपण बोललात
- शेवटी ‘ई’ हे रोमन अक्षर (उच्चार ‘ए’), रेघ नाही : आपण बोला / त्याने बोलावे
- शेवटी तेच अक्षर, रेघ आहे : मी बोललो / बोलले