प्राप्तिकर विवरणपत्र : बदलीच्या वर्षात अधिक दक्षता आवश्यक

चंदीगड – पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची राजधानी असलेल्या चंदीगड या केंद्रशासित प्रदेशात बदलीमुळे अथवा नव्या नोकरीनिमित्त येणाऱ्यांमध्ये महाराष्ट्रातील कुटुंबेही असतात. गतवर्षीचे विवरणपत्र समोर ठेवून नवे भरण्याची अनेकांची सवय असते. मात्र ज्या वर्षी शहर आणि नोकरी बदलली, त्या वर्षी हीच सवय चुकांचे मूळ ठरू शकते.

पहिली चूक दोन नियोक्त्यांच्या वेतनासंबंधीची आहे. समजा, २०२५-२६ या आर्थिक वर्षात एखाद्या कर्मचाऱ्यास मुंबईत सहा महिन्यांचे साडेसात लाख आणि चंदीगडमध्ये उरलेल्या सहा महिन्यांचे तेवढेच वेतन मिळाले. नव्या करप्रणालीत दोन्ही कार्यालयांनी आपापल्यापुरता हिशेब केल्यास कर शून्य येतो. प्रत्यक्षात एकूण वेतन १५ लाख होते. त्यातून प्रमाणित वजावट ७५ हजार रुपयांची, आणि तीही एकदाच मिळते. उरलेल्या १४ लाख २५ हजारांवर उपकरासह ९७ हजार ५०० रुपये कर होतो. त्यावर व्याजही आकारले जाऊ शकते. म्हणून दोन्ही कार्यालयांचे 'फॉर्म १६' एकत्र करूनच हिशेब मांडावा. आधीच्या वेतनाची माहिती नव्या कार्यालयास रुजू होतानाच द्यावी, हे उत्तम.

दुसरी चूक घरभाडे भत्त्याची. ही सूट केवळ जुन्या करप्रणालीत मिळते. २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी वेतनाच्या ५० टक्क्यांची मर्यादा मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांनाच लागू आहे. चंदीगडसाठी ती ४० टक्के आहे. घर शेजारच्या मोहाली वा पंचकुला येथे असले तरी मर्यादा तीच राहते. त्यामुळे मुंबईतील आणि चंदीगडमधील महिन्यांचा हिशेब स्वतंत्रपणे करावा लागतो. वार्षिक भाडे एक लाखापेक्षा अधिक असल्यास घरमालकाचा 'पॅन' द्यावा लागतो.

तिसरी चूक किरकोळ वाटणाऱ्या उत्पन्नाची. मूळ गावच्या बँकेतील ठेवींवरील व्याज, लाभांश किंवा समभागांच्या विक्रीची नोंद 'वार्षिक माहिती विवरणा'त, म्हणजे 'एआयएस'मध्ये, उमटते. बँकेने उद्गम करकपात केली म्हणून ते उत्पन्न करमुक्त होत नाही. विवरणपत्र भरण्यापूर्वी 'एआयएस' आणि 'फॉर्म २६ एएस' यांच्याशी आकडे ताडून पाहावेत. 'एआयएस'मधील नोंद चुकीची असल्यास संकेतस्थळावरच हरकत नोंदविता येते.

वर्षाच्या नावातही यंदा गोंधळ संभवतो. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असून त्यात 'कर वर्ष' ही संज्ञा आहे. मात्र २०२५-२६ मधील उत्पन्नाचे विवरणपत्र १९६१ च्या कायद्यानुसारच, 'आकारणी वर्ष २०२६-२७' या नावाने भरावयाचे आहे. 'कर वर्ष २०२६-२७' हे त्यानंतरच्या बारा महिन्यांचे नाव आहे.

मुदत चुकल्यास पाच हजार रुपयांपर्यंत विलंब शुल्क पडते. पाच लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांसाठी ही रक्कम एक हजार आहे. त्याहून मोठे नुकसान म्हणजे जुनी करप्रणाली निवडण्याचा पर्याय हातचा जातो. त्याबरोबर घरभाडे भत्त्याची सूट आणि बचतीवरील वजावटही जाते.

विवरणपत्र सादर केल्यानंतर ३० दिवसांत त्याची पडताळणी केली नाही, तर ते पूर्ण झाले असे मानले जात नाही. 'आधार'द्वारे पडताळणी करताना सांकेतिक क्रमांक 'आधार'शी जोडलेल्या मोबाइलवरच येतो. तेव्हा स्थलांतरानंतर मोबाइल क्रमांक, ई-मेल, पत्ता आणि परताव्यासाठीचे बँक खाते अद्ययावत करून घ्यावे. विभागाची सूचना जुन्या ई-मेलवर गेल्यास तिला उत्तर देण्याची मुदत करदात्याच्या नकळत उलटून जाऊ शकते.