नाण्यापुरता खेळ

करमणुकीची साधने काळाप्रमाणे पालटत जातात. दशावतारी नाटक, जत्रेतील फिरते पाळणे, चित्रपटगृह, दूरचित्रवाणी अशी त्यांची परंपरा आपण सर्वांनी पाहिली आहे. या परंपरेत विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात एक लहानसा पाहुणा येऊन गेला. त्याची नोंद मात्र सहसा कोणी करीत नाही. तो म्हणजे व्हिडिओ गेमचे पार्लर. व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत या पोरखेळास जागा कशाला, असे काही बुजुर्ग सभासद म्हणतील. परंतु ज्या खेळाचा सारा व्यवहार एका नाण्यावर चालत असे, त्याचा विचार व्यापाऱ्याने करावयाचा नाही, तर कोणी करावयाचा?

या खेळांचे मोठे माहेर जपान. तेथे १९७८ साली टायटो कंपनीने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ काढला आणि नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांचे वेड देशोदेशी पसरले. त्यात शत्रूवर गोळ्या झाडावयाच्या असत. पुढे १९८० साली नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी ‘पॅक-मॅन’ रचला. मारामारीऐवजी खाणे हा विषय घ्यावा, म्हणजे स्त्रियाही खेळावयास येतील, असा त्यांचा हेतू होता. एक पिवळे तोंड चक्रव्यूहात फिरून २४० लहान आणि ४ मोठे दाणे टिपते, एवढीच त्याची कथा. पाठलाग करणारी भुतेसुद्धा त्यात मरत नाहीत; त्यांचे नुसते डोळे उरतात आणि ते मुकाट्याने आपल्या घरी परततात. धान्याच्या व्यापाऱ्यास असा खेळ आवडावा यात नवल ते काय!

आमच्या वाळपईच्या बाजारपेठेतही भुसारी दुकानांच्या शेजारी तीन यंत्रांची एक अंधारी खोली होती. दाराला जाड पडदा, आत गणपतीच्या तसबिरीपुढे उदबत्ती, पावसात भिजलेल्या छत्र्यांचा एका कोपऱ्यात ढीग, आणि या सर्वांवर त्या यंत्रांचे अखंड किणकिणणारे संगीत. होंडा, ठाणे, गुळेली येथून शाळेस येणारी मुले कदंबाच्या बसला अवकाश असला की तेथे जमत. खेळणारा एक आणि पाहणारे दहा! आपला क्रम लागावा म्हणून पुढचे नाणे यंत्राच्या काचेपाशी मांडून ठेवावयाचे, हा तेथील अलिखित कायदा होता. तो कोणी मोडल्याचे आम्हांस स्मरत नाही. सत्तरीच्या पावसात वीज गेली की सगळे संगीत एकाएकी थांबे आणि अंधारातून एकच सुस्कारा बाहेर येई. ज्याचा डाव अर्धा राहिला असेल त्यास मालक न मागता नाणे परत करी. रात्री तो चिल्लरीची पिशवी आमच्या पेढीवर आणून नोटा घेऊन जाई. सुट्या पैशांच्या टंचाईच्या त्या दिवसांत ती पिशवी आम्हांस मोठ्या कामाची वाटे.

कॅपकॉम कंपनीचा १९९३ सालचा एक खेळ तर मुलांनी त्यातील एका पात्राच्या नावावरून ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला. त्यात तिघांना एकाच वेळी खेळता येई. पेढीवर पोती वाहणाऱ्या हमालाचा मुलगा, शिक्षकाचा मुलगा आणि आमच्या घरातील पुतण्या असे तिघे खांद्याला खांदा लावून उभे असलेले आम्ही पाहिले आहेत. त्यांत हमालाचा मुलगा सर्वांत निष्णात, म्हणून तो सांगेल तसे इतर दोघे वागत. बापाची पत तेथे चालत नसे.

वडीलधाऱ्यांचा या खेळांना विरोध होता आणि तो निराधार नव्हता. पडद्यावरची का होईना, हिंसा ती हिंसाच. मनात उठलेला घाव करण्याचा भावही आपल्या धर्माने हलका मानलेला नाही. म्हणून आमच्या घरी पर्युषणात पार्लरची पायरी चढावयाची नाही असा नेम होता, आणि मुले तो पाळीत.

तथापि एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. नाणी गिळणारी यंत्रे दोन जातींची असतात. गोव्यात १९९२ साली जुगाराच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रे ठेवण्यास मुभा मिळाली. ते यंत्र नाणे घेते आणि बदल्यात लोभ देते. पार्लरचे यंत्र नाणे घेई आणि केवळ खेळ देई. जिंकणाऱ्यास एक पैसा परत मिळत नसे. मिळे ती मित्रांची शाबासकी. शिवाय नाणे संपले की खेळ संपला. आपल्या श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोगपरिमाण हे एक व्रत आहे. उपभोगास माप असावे, हे त्याचे सार. त्या खोलीत कोणी व्रत शिकवीत नव्हते, पण माप मात्र होते.

पुढे घरोघरी टीव्हीला जोडावयाचे खेळ आले, मग संगणक आला, आणि अखेरीस मोबाइलने पार्लरचे दार कायमचे लावले. आज मूल घरातच असते, डोळ्यांसमोर असते, तरी कोणाशी आणि किती वेळ खेळते ते कळत नाही. खेळात पैसे लावण्याचा रोग इतका बळावला, की २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेला पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा करावा लागला. दोन जातींची ती यंत्रे आता एकाच काचेत येऊन बसली आहेत आणि ती काच मुलाच्या खिशात आहे.

कायदा आपले काम करील. घराचे काम घरालाच केले पाहिजे. गेलेले पार्लर परत आणावे असे आमचे म्हणणे नाही. परंतु मुलांना एकत्र बसून कॅरम, बुद्धिबळ किंवा पडद्यावरचा एखादा निरुपद्रवी खेळ घटकाभर खेळता येईल अशी एखादी खोली संघटनेने बाजारपेठेत जरूर उघडावी. क्रम लावणे, दुसऱ्याचा डाव पाहून आनंदणे आणि वेळ संपताच उठणे, एवढे तीन गुण जरी मुले तेथून घेऊन गेली, तरी त्या खोलीचे भाडे वसूल झाले असे आम्ही समजू.