भयकथा वाचकांचे दोन पंथ

मराठी भयकथेच्या वाचकांत सरळ दोन पंथ दिसतात. नारायण धारप (१९२५-२००८) यांच्या चाहत्यांना अमानवी शक्ती हवी असते आणि तिला परतवून लावणारे 'समर्थ'ही. रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) यांचा वाचक मात्र भुतापेक्षा माणसाच्या मनाला अधिक भितो. स्वतः मतकरींनाही 'गूढकथा' हाच शब्द प्रिय होता. धारपांवरील आक्षेप जुनाच आहे : काही कथांची बीजे स्टीफन किंगसारख्या पाश्चात्त्य लेखकांची. आक्षेप खरा, पण अपुरा. त्यांच्या 'आजी' या कथेचे मूळ किंगच्या कथेत असले, तरी राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड' (२०१८) चित्रपटापर्यंत पोहोचली ती धारपांची मराठी कथाच. समीक्षकांनी मात्र 'करमणूक' म्हणून या लेखनाकडे बराच काळ पाठच फिरवली. वाचनालयांतील प्रती वाचकांनीच झिजवल्या.